रुग्णवाहिका येईपर्यंत

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात एक शेरा आम्हाला वरचेवर लिहावा लागतो : ‘रुग्णालयात आणण्यापूर्वीच मृत्यू’. त्याला ‘ब्रॉट डेड’ म्हणतात आणि वॉर्डबॉयपासून चौकीतल्या हवालदारापर्यंत सगळे तोच शब्द वापरतात. शेरा लिहिला की पुढचे सोपस्कार ठरलेले असतात. पोलिसांना कळवणे, पंचनामा, शवविच्छेदन, आकस्मिक मृत्यूची नोंद. नातेवाईक मात्र या कागदांत कुठेच नसलेला प्रश्न विचारतात : डॉक्टर, आम्ही आणायला उशीर केला का?

बहुतेक वेळा त्यांनी उशीर केलेला नसतो. माणूस कोसळल्यावर पाचव्या मिनिटाला ते रिक्षात असतात. दोघांनी त्याला मधे धरून बसवलेले असते, मान एका बाजूला कललेली असते, कोणीतरी तळपाय चोळत असतो, रिक्षावाला सिग्नल तोडत असतो. धावपळीत काही कमी नसते. कमी असते ते एवढेच, की त्या पंधरा-वीस मिनिटांत त्या माणसाच्या छातीवर कोणीही दाब दिलेला नसतो. तो द्यायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. आणि ज्याचे हृदय बंद पडले आहे, त्याच्यासाठी रुग्णालय दोन किलोमीटरवर असले काय आणि दहा किलोमीटरवर असले काय, फारसा फरक पडत नाही.

इथे शब्दांचा एक घोळ आधी सोडवायला हवा. आपल्याकडे अचानक आलेल्या प्रत्येक मृत्यूला ‘हार्ट अटॅक’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी तुंबणे. अशा माणसाच्या छातीत दुखते, घाम फुटतो, मळमळते, डावा हात किंवा जबडा दुखतो. पण तो शुद्धीवर असतो, बोलतो, त्याचे हृदय चालू असते. त्याला ताबडतोब रुग्णालयात नेणे हाच उपचार. हृदय अचानक बंद पडणे ही निराळी घटना आहे. त्यात हृदयाच्या विद्युत यंत्रणेचा ताळ सुटतो. बहुधा खालचे कप्पे ठोके द्यायचे सोडून नुसते थरथरू लागतात. थरथरणारे हृदय रक्त ढकलू शकत नाही. काही सेकंदांत मेंदूचा पुरवठा थांबतो आणि माणूस बोलता बोलता कोसळतो. झटक्यामुळे हृदय बंद पडू शकते, बऱ्याचदा पडतेही. पण विजेच्या धक्क्याने, हृदयाच्या जन्मजात दोषाने किंवा स्नायूच्या आजारानेही ते बंद पडते. पहिल्या प्रकारात गाडी काढायची असते. दुसऱ्या प्रकारात गाडी काढण्याआधी गुडघ्यावर बसायचे असते.

चार ते सहा मिनिटे रक्त मिळाले नाही की मेंदूला कायमची इजा व्हायला सुरुवात होते. थरथरणारे हृदय विजेच्या झटक्याने पुन्हा तालावर आणता येते, पण काहीही न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. छातीवर दाब देत राहिले तर ही घसरण निम्म्याच्या आसपास मंदावते. दाब देणारा माणूस हृदय दुरुस्त करत नसतो. तो बंद पडलेल्या पंपाचा दांडा हाताने मारत असतो, म्हणजे यंत्र आणि डॉक्टर येईपर्यंत मेंदू जिवंत राहावा. जगातली कोणतीही रुग्णवाहिका, अगदी रस्ते मोकळे असलेल्या शहरांतलीसुद्धा, पहिल्या तीन-चार मिनिटांत सहसा पोहोचत नाही. ती मिनिटे शेजाऱ्याची, बायकोची, मुलाची, दुकानदाराची, सहप्रवाशाची असतात. त्यातही बायको-मुलांची अधिक, कारण बाहेरच्या देशांतल्या नोंदी पाहिल्या तर अशा दहा घटनांतल्या सुमारे सात घरातच घडतात.

आता करायचे काय? कोणी अचानक कोसळले तर खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही आणि श्वास नाही, किंवा श्वास नेहमीसारखा नाही, म्हणजे हृदय बंद पडले आहे असे धरून चाला. नाडी शोधत बसू नका. घाईत ती आम्हालाही सापडत नाही, आणि घाबरलेल्या माणसाला स्वतःचीच नाडी त्याच्या मनगटात लागते.

इथेच सर्वांत जास्त फसगत होते. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटे पुष्कळ माणसे आचके देतात. तोंड उघडते, घशातून घरघर येते, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक आचका. सुरुवातीला हातपायांना झटके येऊ शकतात. भोवतीचे लोक म्हणतात, ‘श्वास चालू आहे’, किंवा ‘फिट आली’, आणि चप्पल नाहीतर कांदा हुंगवायला धावतात. आचके हा श्वास नव्हे. ते मेंदूचे शेवटचे सिग्नल आहेत, आणि याच अवस्थेत दाब दिले तर फळ येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. या लेखातली एकच ओळ लक्षात ठेवायची झाली तर ती ही ठेवा.

लगेच १०८ ला फोन करायला एकाला सांगा; ‘कोणीतरी फोन करा’ असे म्हणू नका, नाव घेऊन किंवा बोट दाखवून सांगा, कारण गर्दीत ‘कोणीतरी’ नावाचा माणूस नसतो. एकटे असाल तर फोन लावून स्पीकरवर ठेवा. माणसाला कडक जमिनीवर पाठीवर झोपवा. पलंगावर किंवा गादीवर दाब देऊन उपयोग नाही, गादीच दबते. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच ठेवा, तिच्यावर दुसरा हात, कोपरे ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. दंडाच्या जोराने नव्हे, अंगाच्या भाराने दाबा. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी, आणि प्रत्येक दाबानंतर पूर्ण वर यायला हवी, कारण ती वर येते तेव्हाच हृदयात रक्त भरते. वेग मिनिटाला १०० ते १२०. मोठ्याने मोजा, तीसपर्यंतचे आकडे पंधरा ते अठरा सेकंदांत संपले पाहिजेत. पहिल्यांदा करणारा नेहमी हळू आणि वरवर दाबतो. दोन मिनिटांत चांगला धट्टाकट्टा माणूसही दमतो आणि दाब उथळ होतात, म्हणून दुसऱ्याने जागा घ्यावी. मधे थांबायचे नाही. थांबायचे ते माणूस हलला, नीट श्वास घेऊ लागला किंवा रुग्णवाहिकेचे कर्मचारी येऊन बाजूला बसले तरच.

तोंडाने श्वास द्यायचे की नाही, यावर लोकांचे घोडे अडते. प्रशिक्षण नसलेल्या माणसाने मोठ्या माणसाला नुसते दाब दिले तरी चालते. रक्तात काही मिनिटे पुरेल इतका प्राणवायू शिल्लक असतो, तो फिरवणे महत्त्वाचे. भूलतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने पुढाकार घेऊन २०१७ मध्ये आपल्या देशासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही सामान्य माणसासाठी फक्त छातीवर दाब देण्याचीच पद्धत सांगितली आहे, आणि तो शहाणपणाचा निर्णय होता. अपवाद आहेत ते बुडालेल्या माणसाचे आणि लहान मुलांचे. त्यांच्यात आधी श्वास थांबलेला असतो, म्हणून जमत असेल तर ३० दाब आणि २ श्वास. बुडालेल्याला खांद्यावर उलटे टाकून फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे आजही धरणाकाठी आणि विसर्जनाच्या घाटावर पाहायला मिळते. त्यात फक्त वेळ जातो.

आणखी काही गोष्टी करू नयेत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर, जिभेखालची गोळी, काही म्हणजे काही घालू नका. ‘एकटे असताना झटका आला तर जोरजोरात खोकत राहा’ असा संदेश व्हॉट्सअॅपवर गेली कित्येक वर्षे फिरतो आहे, डॉक्टरांच्या नावाने फिरतो आहे. ज्याचे हृदय बंद पडले तो काही सेकंदांत बेशुद्ध होतो, तो खोकणार कसा? आणि ज्याला छातीत दुखते आहे त्याने खोकत बसण्यापेक्षा फोन लावावा.

लोक पुढे येत नाहीत याची कारणे मी रुग्णांच्या सोबत्यांकडून ऐकत आलो आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. पहिले, ‘फासळी मोडली तर?’ मोडू शकते. आम्ही रुग्णालयात दाब देतो तेव्हाही मोडते. मोडलेली फासळी काही आठवड्यांत सांधते. हृदय चालू असलेल्या माणसाला चुकून दाब दिले गेले तर तो बहुधा कण्हतो, हात झटकतो, आणि आपण थांबतो; गंभीर इजा क्वचित होते. न दिलेल्या दाबाला मात्र दुरुस्ती नाही.

दुसरे, पोलिसांचे लचांड. रस्ते अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये संरक्षण दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी १३४-अ हे कलम आले. पण ते कलम वाहन अपघातांपुरते आहे. भाजी घेताना मंडईत कोसळलेल्या माणसासाठी नाही. त्याच्या मदतनिसाला आधार आहे तो भारतीय न्याय संहितेच्या ३० व्या कलमाचा, म्हणजे जुन्या दंडसंहितेतल्या ९२ व्या कलमाचा. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्‌हेतूने केलेली कृती, त्यातून इजा झाली तरी, गुन्हा ठरत नाही, असा त्याचा अर्थ. वकिलाला हे पुरेसे वाटेल. मंडईतल्या माणसाला नाही. अपघातग्रस्ताच्या मदतनिसाला जे स्पष्ट शब्दांतले संरक्षण दिले, तेच अचानक कोसळलेल्या कोणाच्याही मदतनिसाला देणारी तरतूद करायला फार खर्च येणार नाही.

तिसरे कारण कोणी मोठ्याने बोलत नाही. कोसळलेली व्यक्ती बाई असेल तर पुरुष हात लावायला कचरतात आणि बायका गर्दीमागे राहतात. हे फक्त आपल्याकडे होते असे नाही. अमेरिकेत सार्वजनिक जागी हृदय बंद पडलेल्यांचा अभ्यास झाला; ४५ टक्के पुरुषांना आजूबाजूच्या लोकांनी दाब दिले, बायकांच्या बाबतीत हे प्रमाण ३९ टक्के होते. आपल्याकडे मोजले तर तफावत याहून मोठी निघेल असे माझे मत आहे. हात ठेवायचा तो मधल्या हाडावर, साडी किंवा ओढणी काढायची गरज नाही, मंगळसूत्र बाजूला सरकवले की झाले. शिबिरात हे स्पष्टपणे सांगावे आणि महिला मंडळे, बचत गट यांच्यात स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे. तशीही घरातल्या घटनेत पुरुषाला वाचवायला जवळ असते ती बहुधा त्याची बायको.

या पद्धतीचा उगमही ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण त्यामागे डॉक्टर नव्हे तर एक विद्युत अभियंता होता. अमेरिकेत विजेच्या तारांवर काम करणारे कामगार धक्का बसून मरत, म्हणून वीज कंपन्यांच्या पैशांवर संशोधन सुरू झाले. त्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले विल्यम कुवेनहोव्हन गुंतले होते. विजेचा झटका देणारी जड उपकरणे प्रयोगातल्या कुत्र्याच्या छातीवर दाबली की रक्तदाब किंचित चढतो, हे त्यांचा तरुण सहकारी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आले. जेम्स ज्यूड या शल्यविशारदासह तिघांनी जुलै १९६० मध्ये २० रुग्णांचा अहवाल छापला. त्यांतले १४ वाचले होते. त्याआधी हृदय चालू करायचे तर छाती फाडून आत हात घालावा लागे. या अहवालाने ते काम दोन हात असलेल्या कोणाच्याही आवाक्यात आणले. त्याला सहा दशके उलटून गेली आणि आमच्याकडे अजून कांदा हुंगवतात.

विजेचा विषय निघालाच आहे तर ग्रामीण महाराष्ट्राचे सांगितले पाहिजे. आम्ही हृदयविकार म्हटले की पन्नाशीतला, पोट सुटलेला शहरी माणूस डोळ्यांसमोर आणतो. पण शेतपंप सुरू करताना, ओल्या भिंतीवरचे बटण दाबताना, लोखंडी तारेवर कपडे वाळत घालताना धक्का बसून हृदय थांबणारी माणसे तरुण असतात आणि त्यांचे हृदय मुळात निरोगी असते. वीज अंगावर पडलेल्यांचेही तसेच. उन्हाळ्याच्या शेवटी मराठवाड्यात, विदर्भात अशा बातम्या रोज असतात. निरोगी हृदय पुन्हा सुरू होण्याची शक्यता आजारी हृदयापेक्षा चांगली. धक्क्याच्या बाबतीत आधी मेन स्विच बंद करायचा, त्याशिवाय हात लावायचा नाही. उच्चदाबाची तार असेल तर जवळच जायचे नाही, पुरवठा बंद करवून घ्यायचा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात मात्र वीज राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. ही दोन वाक्ये प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर असायला हवीत.

सामान्य माणसे शिकली की खरोखर काही बदलते का? डेन्मार्कने हे आकड्यांत दाखवले आहे. तिथे २००१ मध्ये रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी २१ टक्के लोकांना आजूबाजूच्यांकडून दाब मिळत. २००५ मध्ये शाळांत हे प्रशिक्षण सक्तीचे झाले, पुढच्या वर्षी वाहनचालक परवान्यासाठी सक्तीचे झाले, २००९ पासून आपत्कालीन फोन घेणाऱ्या केंद्रांत आरोग्य कर्मचारी बसवायला सुरुवात झाली. २०१० मध्ये प्रमाण ४५ टक्क्यांवर गेले आणि तीस दिवसांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ३.५ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर. या काळात रुग्णालयांतले उपचारही सुधारले, त्यामुळे सगळे श्रेय लोकांच्या हातांना देता येणार नाही. अभ्यासकांनीही दिलेले नाही. पण तिप्पट हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. जून २०२१ मध्ये कोपनहेगनच्या मैदानावर ख्रिस्तियन एरिक्सन कोसळला आणि कर्णधार सिमोन केअर त्याच्याकडे धावला, ते जगाने पाहिले. मैदानावरच दाब आणि विजेचा झटका मिळाला. एरिक्सन पुढे पुन्हा खेळला.

याच डेन्मार्कची दुसरी बाजूही सांगतो. कायदा झाल्यावर आठ वर्षांनी शाळांची पाहणी केली तेव्हा पात्र वर्गांपैकी जेमतेम २८ टक्के वर्गांत हे प्रशिक्षण पूर्ण झालेले आढळले. म्हणजे परिपत्रक काढल्याने काम होत नाही हा अनुभव त्यांनाही आला. आमच्या शिक्षण खात्याला तो नवीन नाही.

डेन्मार्कला हे आकडे देता येतात याचे एक साधे कारण म्हणजे तिथे प्रत्येक घटनेची नोंद होते. आपल्याकडे अशी देशव्यापी सक्तीची नोंदवहीच नाही. ‘ब्रॉट डेड’च्या शेऱ्यात दाब दिले होते की नाही, किती मिनिटांनी आणले, आचके होते का, यांसाठी रकाना नसतो. रकाना नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून अर्थसंकल्पात ओळ नाही. हा रकाना सरकारी रुग्णालयांत उद्यापासून सुरू करता येईल. त्याला एक शिक्का आणि एक पेन लागेल.

विजेचा झटका देणाऱ्या स्वयंचलित यंत्राबद्दल, ज्याला एईडी म्हणतात, हल्ली बरेच लिहिले जाते. ते चालवायला डॉक्टर लागत नाही. झाकण उघडले की यंत्र बोलते, दोन पट्ट्या उघड्या छातीवर कुठे चिकटवायच्या त्याचे चित्र असते, झटका हवा की नको ते यंत्रच ठरवते. अमेरिकेतल्या जुगारघरांत सुरक्षारक्षकांना ते शिकवले गेले आणि २००० साली त्याचा अहवाल आला. थरथरणाऱ्या हृदयाचे १०५ रुग्ण, त्यांतले ५३ टक्के वाचून घरी गेले. कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत झटका मिळालेल्यांत ७४ टक्के. पण जुगारघरात प्रत्येक टेबलावर कॅमेरा असतो आणि रक्षक दहा पावलांवर उभा असतो, हे विसरून चालणार नाही. यंत्र भिंतीवर लावले म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्या संस्थाचालकांना मी एवढेच विचारीन, की रात्रपाळीच्या वॉचमनला ते कुठे आहे ते ठाऊक आहे का? किंमत लाखाच्या घरात, बॅटरी आणि पट्ट्यांना मुदत. आपल्या सरकारी पद्धतीप्रमाणे ते डेडस्टॉक रजिस्टरला चढून कुलूपबंद कपाटात जाणार नाही याचीही काळजी घ्यावी लागेल. माझा क्रम असा : आधी हात, मग यंत्र. यंत्रे पहिल्यांदा लावावीत ती मोठ्या रेल्वे स्थानकांवर, एसटी आगारांत, मैदानांवर, व्यायामशाळांत, मोठ्या मंदिरांच्या रांगांत. आणि मराठीत बोलणारे यंत्र मागून घ्यावे.

राज्यात करायचे तर सगळे नव्याने उभारायचे नाही, हे माझे मुख्य म्हणणे आहे. १०८ ची सेवा २०१४ पासून आहे, नऊशेंहून अधिक रुग्णवाहिकांनिशी सुरू झालेली. तिच्या केंद्रात फोन घेणाऱ्याने ‘शुद्धीवर आहे का, श्वास नेहमीसारखा आहे का’ हे दोन प्रश्न पहिल्या मिनिटात विचारावेत, आणि उत्तर ‘नाही’ आले की गाडीचा पत्ता घेता घेता समोरच्याकडून फोनवरच, मराठीत, मोजून दाब देववून घ्यावेत. प्रत्येक फोनला, न चुकता, आणि दर महिन्याला त्या ध्वनिमुद्रणांची तपासणी करून. याने एका पैशाचे सामान न घेता सर्वांत जास्त जीव वाचतील असे मला वाटते.

वाहकाचा परवाना काढताना प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र लागते. कारखाने अधिनियम १९४८ प्रमाणे दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारा प्रमाणपत्रधारक माणूस हवा असे. म्हणजे कायद्याने राज्यात हजारो ‘प्रशिक्षित’ माणसे आजही आहेत. त्यांतल्या किती जणांनी आयुष्यात एकदा तरी पुतळ्याच्या छातीवर हात ठेवला आहे? प्रमाणपत्राच्या परीक्षेत दोन मिनिटे सलग, योग्य खोलीचे दाब देऊन दाखवणे बंधनकारक केले आणि दर दोन वर्षांनी ते पुन्हा दाखवायला लावले, तर एसटीच्या प्रत्येक गाडीत आणि प्रत्येक कारखान्यात एक खरा हात तयार होईल. शिकाऊ चालकाच्या परवान्यालाही हेच जोडता येईल. राज्यात दुचाकीचा परवाना जवळपास प्रत्येक घरात आहे.

शाळांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी केलेली आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये उचलून धरलेली शिफारस आहे : बारा वर्षांपासून पुढे, वर्षाला दोन तास. सातवी-आठवीपासून शारीरिक शिक्षणाच्या तासिकांत ते सहज बसते. नवा विषय नको, नवे पुस्तक नको, गुणही नकोत. बारा वर्षांखालच्या मुलाच्या अंगात पुरेसा भार नसतो, पण आचके ओळखणे आणि फोन करणे त्यालाही शिकवता येते. मुले घरी जाऊन आजी-आजोबांना दाखवतात, हा फायदा वेगळा.

प्रशिक्षण म्हणजे शिबीर, आणि शिबीर म्हणजे बॅनर, दीपप्रज्वलन, पाहुण्यांची भाषणे आणि शेवटी एका पुतळ्याभोवती दोनशे माणसे, हे मात्र थांबवायला हवे. ज्याने स्वतः दोन मिनिटे दाब दिले नाहीत त्याला शिकवले असे म्हणू नये. शिकलेले काही महिन्यांतच विसरायला लागते, त्यामुळे दरवर्षी उजळणी लागते. दर वर्षी १६ ऑक्टोबरला जगभर यासाठीचा दिवस पाळतात. सोसायट्यांनी, तालीम मंडळांनी, गणेश मंडळांनी ती तारीख धरली तर उजळणीची सोय होते. कोल्हापूरकरांना ‘सीपीआर’ म्हटले की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आठवते. तिथे शिकवताना हा शब्द आधी समजावून सांगावा लागतो, आणि त्यावर हशा पिकला की पुढचे लक्षात राहते, असा एका मित्राचा अनुभव आहे.

गरब्यात, जिममध्ये, क्रिकेट खेळताना तरुण कोसळल्याच्या चित्रफिती गेली काही वर्षे फिरत आहेत आणि प्रत्येकीखाली करोनाच्या लसीला दोष दिलेला असतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १८ ते ४५ वयातल्या अशा मृत्यूंचा अभ्यास करून २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. लसीने धोका वाढल्याचे आढळले नाही. घराण्यातला अचानक मृत्यूचा इतिहास, करोनामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, मृत्यूच्या आदल्या दोन दिवसांतले बेसुमार मद्यपान किंवा अतिश्रमाचा व्यायाम यांच्याशी संबंध आढळला. घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेले असेल, किंवा व्यायाम करताना चक्कर येऊन पडण्याचा प्रकार झाला असेल, तर डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यावे. त्या चित्रफितींत मला मात्र दुसरेच दिसते. माणूस पडलेला असतो, भोवती दहा-पंधरा जण असतात, एक जण वारा घालतो, एक पाणी शिंपडतो आणि एक चित्रण करत असतो. छातीवर हात कोणाचाच नसतो.

अपेक्षा किती ठेवाव्यात हेही सांगणे माझे काम आहे. सिनेमात दोन दाब दिले की नायक डोळे उघडतो. प्रत्यक्षात डेन्मार्कमध्ये सगळे करूनही दहातले नऊ जण वाचत नाहीत. तुम्ही अचूक दाब दिले आणि तरी तो माणूस गेला, तर तुमच्याकडून काही राहिले असे नसते. अनेकदा हृदय इतके बिघडलेले असते की आम्हीही काही करू शकत नाही. पण त्या दहाव्याला शोधण्याचा दुसरा मार्ग नाही, आणि तो दहावा कोण हे आधी कळत नाही.

घरी एक कडक उशी किंवा घट्ट गुंडाळलेली सतरंजी जमिनीवर ठेवा. गुडघ्यावर बसा, मोबाइलवर दोन मिनिटांचा गजर लावा आणि मोठ्याने मोजत दाब द्या. पहिल्या मिनिटानंतर मनगटे भरून येतील. मग घरातल्या दुसऱ्या माणसाला त्या जागी बसवा.